मदत हवी आहे: रीफ टँकमधील नायट्रेट शून्यावर आणावे की राखावे?

नमस्कार. नाशिकमध्ये माझा 200 लिटरचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक (प्रवाळांचे मत्स्यालय) आहे. कठीण प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे त्यात केवळ झोअँथिड व मशरूम हे मऊ प्रवाळ आणि क्लाउनफिश माशांची जोडी आहे. लवणता 35 पीपीटी (हजारात 35 भाग) व तापमान 26 अंश स्थिर आहे. शेवाळ व प्रवाळ दोघांनाही पोसणारे नायट्रेट मात्र 10 पीपीएम (दहा लाखात 10 भाग) आणि फॉस्फेट 0.08 पीपीएम येते.

एक जाणकार सांगतात की शेवाळ टाळायचे असेल तर दोन्ही शून्याजवळ आणावेत. दुसरे तितक्याच ठामपणे म्हणतात की दोन्ही संपले की डायनोफ्लॅजेलेट (एकपेशीय सूक्ष्मजीव) माजतात आणि मऊ प्रवाळ उपाशी राहून आक्रसतात. मला दुसरे मत अधिक पटते, कारण झोअँथिड सध्या पूर्ण फुललेले आहेत आणि त्यांची बसलेली घडी मोडण्याची मला मनापासून भीती वाटते. तरीही काचेवर हिरवा थर वाढतच आहे. अशा स्थितीत फॉस्फेट शोषणारे जीएफओ (लोहयुक्त दाणे) वापरावे, की दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलणे पुरेसे ठरेल?

शिवाय एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा लावून, उडालेले पाणी आरओच्या गोड्या पाण्याने भरून भागेल, की चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावाच लागेल? उत्तरासोबत आपल्या टँकमधील आकडे आणि प्रवाळांचे प्रकार कृपया लिहावेत.