मदत हवी आहे: नवा ४के मॉनिटर, जुना डेस्कटॉप. व्हिडिओ नेमका कशामुळे अडकतो हे ओळखायचं कसं?

बर्डीवाला:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात २७ इंची ४के मॉनिटर घेतला. मशीन जुनंच: कुठल्याशा ऑफिसातून निघालेला सेकंडहॅन्ड डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय५, १६ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. वाटलं, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आता खरा पाहण्यासारखा दिसेल. कशाचं काय!

यूट्यूबवर क्वालिटी २१६० (म्हणजे ४के) लावली की आवाज नीट, चित्र मात्र अडकत अडकत. लग्नाची फाइल अडकत नाही, पण कॅमेरा वरातीवरून आडवा फिरला की बारीक झटके बसतात, आणि पैठणीची जर भुरकट दिसते. दुकानदार म्हणतो मॉनिटर ठीक आहे, मशीन बदला. मावसभाऊ म्हणतो इंटरनेट स्लो. बाबांचं म्हणणं, जुन्या टीव्हीवर काय वाईट दिसत होतं? त्यात नागपूरचा मे महिना, दुपारी कूलरसमोरसुद्धा कॅबिनेट तापलेलं असतं, म्हणून गरमीवरही संशय आहे. पैसे टाकण्याआधी दोष कुठे आहे ते कळलं पाहिजे.

तर्रीपोहे:
भाऊ, तीन तक्रारी एकाच पोत्यात भरून राहिले तुम्ही. वेगळ्या करा.

आधी व्हिडिओ बंद करा आणि नुसता माऊस गोल फिरवा. बाण तुटक-तुटक पळतो का? डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा (हर्ट्झ) नवं चित्र काढतो, तो किती दिसतो? आणि वायर कोणती लावली?

बर्डीवाला:
अरे बाप्पा! ३० हर्ट्झ दिसून राहिला. माऊस खरंच तुटक पळतो, मला वाटलं मोठ्या स्क्रीनवर असंच असतं. मशीनला एचडीएमआय नाही, डिस्प्लेपोर्ट आहे. दुकानदाराने छोटा कन्व्हर्टर लावून एचडीएमआय वायर जोडून दिली होती.

तर्रीपोहे:
सापडला पहिला चोर. फुल एचडीत सुमारे २१ लाख पिक्सेल, ४केमध्ये ८३ लाख. म्हणजे चौपट माल त्याच वायरीतून जायचा. साधे कन्व्हर्टर ४केला ३० हर्ट्झवरच थांबतात. तुमच्या मशीनचा डिस्प्लेपोर्ट मात्र ६० देऊ शकतो. मॉनिटरच्या खोक्यात डिस्प्लेपोर्टची वायर पडली असेल, बघा.

बर्डीवाला:
होती! थर्माकोलच्या खाली, पिशवीसुद्धा फोडली नव्हती. आता ६० हर्ट्झ. माऊस लोण्यासारखा. पण यूट्यूब २१६०ला अजून अडकतंच.

खिडकीजवळचा:
आता मशीनची पाळी. व्हिडिओवर उजवं क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. तिथे दोन गोष्टी पाहा: कोडेकसमोर (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) काय लिहिलंय आणि किती फ्रेम (व्हिडिओतली एकेक चित्रं) गळल्या. बफर, म्हणजे आधीच उतरवून ठेवलेला व्हिडिओ, भरलेला असून फ्रेम गळत असतील तर इंटरनेटला बोल लावू नका. सोबत टास्क मॅनेजर उघडा ठेवा.

बर्डीवाला:
व्हीपी९. मिनिटाभरात हजारावर फ्रेम गळल्या, सीपीयू १०० टक्के. पहाटे पाच वाजता, गारव्यात करून पाहिलं, तेच. लग्नाच्या फाइलला सीपीयू जेमतेम १५ टक्के!

खिडकीजवळचा:
पहाटे करून पाहिलं हे छान केलं, गरमी सुटली. फरक असा की लग्नाची फाइल एच.२६४ असणार, ते उलगडायचं सर्किट तुमच्या चिपमध्ये आहे. यूट्यूब ४के देतं व्हीपी९ किंवा एव्ही१मध्ये, आणि व्हीपी९चं काम पूर्ण हार्डवेअरवर घेणारं ग्राफिक्स इंटेलने सातव्या पिढीत आणलं. तुमच्याकडे तो भार सीपीयूच्या डोक्यावर पडतो. एक पायरी खाली, १४४० लावून पाहा. २७ इंचावर हातभर अंतरावरून फरक ओळखता आला तर सांगा, मला तर घरच्यांना दाखवूनही पटवता आला नाही.

४केच हवं असेल तर जीटी १०३० सारखं छोटं ग्राफिक्स कार्ड व्हीपी९ उचलतं. एव्ही१ नाही उचलत, हे लक्षात असू द्या. कॅबिनेट बुटकं असेल तर कार्ड कॅबिनेटला अडकवायची बुटकी पट्टी सोबत मिळते का ते घेतानाच विचारा.

तर्रीपोहे:
आणि वरातीचे झटके: आपल्याकडे लग्नं बहुतेक २५ फ्रेमवर शूट होतात. ६०ला २५ने भाग जात नाही, म्हणून काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. मॉनिटर ५० हर्ट्झवर टाकून पाहा. पैठणीची जर भुरकट दिसते त्याचं मात्र मशीनला काही करता येणार नाही. मीडियाइन्फो नावाच्या प्रोग्रॅममध्ये फाइलचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरलाय, ते बघा; तो कमी असला की बारीक तपशील फाइलमध्येच उरत नाही.

बर्डीवाला:
५० हर्ट्झवर वरात एकदम गुळगुळीत, राजेहो! बिटरेट निघाला फक्त ८ एमबीपीएस, वर लिहिलंय ३८४०×२१६०. व्हिडिओवाल्याला फोन केला. आधी "४केच आहे साहेब", मग "एडिटिंग फुल एचडीत केलं, शेवटी ४के काढून दिलं". कॅमेऱ्याच्या मूळ क्लिप मागितल्या तर म्हणे हार्डडिस्क शोधावी लागेल. त्यातली एक मिळाली की त्याच पैठणीवर थांबवून शेजारी-शेजारी पाहतो.

१४४०वर बाबांना बसवलं. चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाले, "हं, टीव्हीएवढं आलं." कार्ड सध्या राहू दे.