‘स्कम व्हिलन’ वाचायला घेऊ का?

रात्रीची_गाडी
साधना करून अमर होणाऱ्या चिनी नायकांच्या दोन लांबलचक कादंबऱ्या गेल्या वर्षी वाचल्या. शे-दोनशे प्रकरणांनंतर नुसतं पायऱ्या चढणं उरतं: नायक एक पातळी वर गेला की त्याहून मोठा शत्रू हजर. आता हलकंफुलकं आणि प्रेमकथा असलेलं हवंय. मो श्यांग थोंग श्योउ यांची ‘द स्कम व्हिलन्स सेल्फ-सेव्हिंग सिस्टम’ दोघातिघांनी सुचवली. इंग्रजीत 4 खंड आहेत, खर्च होणार. कुणी पूर्ण वाचलीय का? शेवट सांगू नका.

बांबूचं_घर
दोनदा वाचली. दुसऱ्यांदा आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, तिच्या उशाशी बसून. एवढं काय हसतेस म्हणाली, म्हणून गोष्ट सांगायला लागले.

शेन युआन नावाचा वाचक एका रटाळ ऑनलाइन कादंबरीला शिव्या घालत मरतो आणि त्याच कादंबरीत खलनायक होऊन जागा होतो. गुरू शेन छिंगच्यू. या गुरूने छळलेला शिष्य लुओ बिंगहे पुढे त्याचे हातपाय तोडणार, हे त्याला पाठ आहे. चांगलं वागावं तर ‘सिस्टम’ (त्याच्या डोक्यात बोलणारी, खेळासारखे गुण मोजणारी यंत्रणा) अडवते, कारण पात्राचा स्वभाव बदलायचा नाही, गुण कापले जातील. मग चेहऱ्यासमोर पंखा धरून गंभीर गुरू, आणि मनात चालू असते ती आपल्यासारख्याच वाचकाची बडबड. ज्या पायऱ्या चढण्याला तुम्ही कंटाळलात, त्याचीच इथे यथेच्छ खिल्ली आहे.

बिंगहे गुरूसाठी रोज स्वयंपाक करतो, पेज करून आणतो. हे ऐकून आई लगेच म्हणाली, “त्या पोराचा जीव जडलाय गं.” आईला पेजेवरून कळलं ते शेन छिंगच्यूला पुस्तकभर कळत नाही. त्याच्या डोक्यात मूळ कादंबरी इतकी पक्की बसलीय की समोरचा मुलगा दिसतच नाही. मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

पण प्रेमकथा लंगडते तीही इथेच. सगळं त्याच्याच डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे बिंगहेचं मन फार काळ बंद राहतं. तो मोठा होऊन परत येतो तेव्हाचं त्याचं वागणं मला पहिल्या वाचनात तुटक वाटलं. तिसऱ्या खंडातला एक शारीरिक प्रसंग तर वेदनेचा आहे, हलकाफुलका मुळीच नाही. तयारी ठेवा. लेखिकेची ही पहिली कादंबरी, शेवटाकडे घाई जाणवते.

चौथा खंड मात्र सोडू नका. त्यात नुसत्या पुरवणी कथा आहेत.

उंबरठा
बायकांबद्दल कुणी बोलणार की नाही? नायकाच्या शेकडो बायका असलेल्या कादंबऱ्यांची टर उडवायची आणि आपल्याही पुस्तकात निंग यिंगयिंग या शिष्येला नुसतं मागे-पुढे धावायला लावायचं, हे मला खटकलं.

बांबूचं_घर
यिंगयिंगबद्दल पूर्ण मान्य. पण लिऊ मिंगयान आठवा. बुरख्याआड राहून गुरू-शिष्यावर चावट कादंबरी लिहिते! ती अजून हवी होती, हे माझंही दुःख आहे.

उंबरठा
हो, ती मलाही आवडली. आणखी एक, इंग्रजी भाषांतरात ‘शिश्योंग’, ‘शिदी’ तसेच ठेवलेत. इंग्रजीत त्याला धड शब्द नाही, आपल्याकडे थोरला गुरुबंधू, धाकटा गुरुबंधू. मी मनात तसंच वाचत गेले आणि नाती पटापट लागली.

रात्रीची_गाडी
दोन पुरुषांची प्रेमकथा आहे हे माहीत होतं, त्याची अडचण नाही. गुरू-शिष्य म्हटल्यावर जरा बिचकले. बिंगहे तेव्हा लहान असतो का?

बांबूचं_घर
सुरुवातीला पोरगाच आहे, आणि तोवर गुरूच्या मनात फक्त त्याला जपणं आहे. प्रेमाचं सगळं तो मोठा होऊन परतल्यावर. तरी बिचकणं समजू शकते. आधी पहिलाच खंड घ्या. त्यात गुरूला आपल्या हाताने एक भयंकर गोष्ट करावी लागते. ती वाचून पुढचा खंड हवासा वाटला नाही तर तिथेच थांबा, इथे येऊन सांगा.

रात्रीची_गाडी
पहिला मागवला. आईंचा गुडघा कसा आहे आता?

बांबूचं_घर
जिना चढते. बिंगहेचं पुढे काय झालं, विचारत असते.