मदत हवी आहे: जुना सीडी प्लेअर घेताना नेमकं काय तपासायचं?

नमस्कार मंडळी,

घरात शास्त्रीय संगीताच्या सीडींचं एक अख्खं कपाट आहे. भीमसेनजी, किशोरीताई, मल्लिकार्जुन मन्सूर, आणि वडिलांनी जमवलेल्या खासगी मैफलींच्या सीडी-आर (घरी रेकॉर्ड करता येणाऱ्या सीडी). आमच्या प्लेअरने पावसाळ्यात मान टाकली, आता 'नो डिस्क'च्या पुढे जात नाही. सध्या डीव्हीडी प्लेअरवर भागवतोय, पण ट्रॅक बदलताना तो क्षणभर गप्प होतो. मैफलीच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होतं नेमका तिथेच नवा ट्रॅक असतो. सम येते, श्रोत्यांची दाद सुरू होते आणि तानपुरा मध्येच कापला जातो. सगळा रंगाचा बेरंग. म्हणून खास सीडीसाठीच बनवलेला प्लेअर हवा आहे.

नव्यात मॅरँट्झ सीडी ६००७ आणि यामाहा सीडी-एस३०३ पाहून ठेवलेत. दरम्यान ओळखीतून डोंबिवलीतल्या एका काकांकडचा, नव्वदच्या दशकातला जपानी प्लेअर समोर आलाय. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. जाड पत्र्याची बॉडी, आत दोन ट्रान्सफॉर्मर, उचलला की वजन जाणवतं. मागच्या बाजूला मात्र '१०० व्होल्ट' छापलंय, म्हणजे थेट जपानच्या बाजारातला नग.

बिल्ड चांगली म्हणून परफॉर्मन्सही चांगला, हे कितपत धरून चालायचं? सीडीवरचा डेटा ठरलेला आहे, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. डिस्क स्वच्छ असेल तर साधा प्लेअरही तोच डेटा वाचणार. ओरखडा असला तरी सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट एरर करेक्शन भरून काढतं. आवाजातला फरक पडतो तो पुढे, म्हणजे डॅक (डिजिटल डेटाचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा भाग), अ‍ॅनालॉग भाग आणि पॉवर सप्लायमध्ये. तिथे दोन वेगळ्या ट्रान्सफॉर्मरचा उपयोग कळतो. पण झिजतं ते लेझर पिकअप (डिस्क वाचणारा भाग) आणि मोटर, त्यांचं उरलेलं आयुष्य पत्र्याच्या जाडीवरून कसं ओळखणार? नुसत्या वजनाला भुलू नये असं मला वाटतं.

काकांनी अर्धा तास वाजवून बघायची मुभा दिली आहे. तेवढ्या वेळात काय बघू? १०० व्होल्टची अडचण कशी सोडवायची? आणि पुढे पिकअप गेलं तर मिळेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी पिकअपचा नंबर मिळवा, बाकी सगळं नंतर. सोनीच्या केएसएस-२१३ जातीचं असेल तर बदली माल अजून मिळतो, दर्जा कमीजास्त असतो इतकंच. फिलिप्सचं स्विंग-आर्मवालं (झुलत्या दांड्यावर बसवलेलं) सीडीएम-४ वगैरे असेल तर नवं बनत नाही, जुन्या यंत्रातून काढलेलंच शोधावं लागतं.

जाताना स्वतःची सत्तर मिनिटांहून मोठी सीडी आणि एक सीडी-आर न्या. प्लेअर थंड असतानाच सुरू करायला सांगा. सीडी आतून बाहेर वाचली जाते. सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे, कडेला येईपर्यंत २०० च्या आसपास. त्यामुळे पहिला ट्रॅक आणि शेवटचा ट्रॅक दोन्ही नीट ऐका, आणि पहिल्यावरून थेट शेवटच्यावर उडी मारून बघा. डिस्क ओळखायला फार वेळ लागला किंवा कडेला आवाज अडखळला तर पिकअप थकलंय नाहीतर स्लेडचं (पिकअप ज्यावर सरकतं त्या भागाचं) ग्रीस वाळलंय. ट्रे कुरकुरत उघडत असेल तर बहुधा बेल्ट सैल आहे. ते काम स्वस्तात होतं, त्यावर भाव कमी करून घ्या.

पिकअपवर एक बारीकसा प्रीसेट (लेझरचा करंट ठरवणारा स्क्रू) असतो. तो फिरवलेला दिसला किंवा त्यावरचं सील तुटलेलं असलं तर व्यवहार सोडा. लेझरचा करंट वाढवून प्लेअर विकण्यापुरता चालता केलेला असतो, थोड्याच काळात बसतो.

१०० व्होल्टचा प्लेअर थेट २३० ला चुकूनही लावू नका. असे प्लेअर साधारण १५-२० वॅट ओढतात, १०० व्हीएचा स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) पुरेल. पण ऑटो-ट्रान्सफॉर्मर नको, आयसोलेटेड घ्या, म्हणजे घरच्या लाइनशी प्लेअरचा थेट विद्युत संबंध राहत नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. वजनाबद्दल तुमचं बरोबर आहे, नुसता खाली लोखंडी पत्रा ठोकूनही वजन वाढतं. मागे कोॲक्सिअल किंवा ऑप्टिकल डिजिटल आउट आहे का ते बघा, म्हणजे उद्या वेगळा डॅक जोडता येईल.

आणखी एक, प्लेअर कुठलाही घ्या, वडिलांच्या सीडी-आर आधी कॉम्प्युटरवर घ्या. त्यातला डायचा (डेटा ज्यात नोंदला जातो त्या रंगाचा) थर ऊन आणि दमट हवेने खराब होतो, आणि खासगी मैफलीची दुसरी प्रत बाजारात मिळणार नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या प्रोग्रॅमने फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइल-स्वरूपात) उतरवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सीडी-आरचं काम आजच सुरू करतो. रविवारी डोंबिवलीला जातोय, सीडी काढून ठेवल्यात. एकच शंका राहिली: पिकअपचा नंबर आणि प्रीसेट बघायला वरचं झाकण काढावंच लागेल ना? काकांना आधीच फोन करून विचारलेलं बरं. झाकण उघडल्यावर कुठल्या भागाला अजिबात हात लावायचा नाही, तेवढं कुणीतरी सांगा.