देशांच्या डोमेनमध्ये गुंतवणूक: कुठलं एक्स्टेंशन घ्यावं?

नवा_भिडू
डॉट कॉममधली बरी नावं केव्हाच संपली, म्हणून देशांची दोन अक्षरी एक्स्टेंशनं (नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारी अक्षरं) बघतोय. एआय, आयओ, को, डीई, यूएस, ईयू अशी यादी केली आहे. वीसेक नावं घ्यायची, दोन-तीन वर्षं ठेवायची आणि विकायची असा बेत आहे. कुठली घ्यावीत, कुठली टाळावीत?

व्याजमुद्दल
यादीचे आधी दोन भाग करा. एआय (अँग्विला), को (कोलंबिया), मी (मॉन्टेनेग्रो), टीव्ही (तुवालू) ही नावापुरती देशांची. गिऱ्हाईक जगभरातलं, आणि गूगलही शोधात यांना त्या देशाला बांधून ठेवत नाही. डीई मात्र खरंखुरं जर्मन बाजाराचं. तिथे शब्दकोशातून उचललेला शब्द चालत नाही. एकवचन-अनेकवचन चुकलं की नाव पडून राहतं. जोडशब्दात हायफन असणं मात्र तिकडे लोकांना खटकत नाही.

आता हिशेब. शंभर नावांतलं वर्षाला एक विकलं जाईल असं धरा. म्हणजे त्या एका विक्रीतून शंभर नावांचं वर्षाचं नूतनीकरण आणि बाजारपेठेचं कमिशन निघालं पाहिजे. याच दराने वीस नावांत विक्रीची सरासरी पाच वर्षांत एक पडते, दोन-तीन वर्षांत नाही. एआयची नोंदणी किमान दोन वर्षांची असते, नूतनीकरणही तसंच, त्यामुळे एका वर्षात हात झटकून बाहेर पडता येत नाही. 'प्रीमियम', म्हणजे मुळातच चढ्या भावाने विकलं जाणारं नाव असेल तर पहिल्या वर्षाचा भाव सोडा, नूतनीकरणाचा विचारा. काही ठिकाणी तो दरवर्षी तितकाच चढा असतो.

कलम_पोटकलम
पात्रता आधी, नाव नंतर. यूएससाठी अमेरिकेशी संबंध दाखवावा लागतो, शिवाय मालकाची माहिती लपवायची सोय नाही. सीएला कॅनडाशी आणि एयूला ऑस्ट्रेलियाशी नातं लागतं. स्थानिक पत्ता भाड्याने देणाऱ्या सेवा मिळतात, पण त्यांत कागदोपत्री मालक तीच सेवा असू शकते. करार न वाचता त्या वाटेला जाऊ नका.

पात्रता नंतरही जाऊ शकते. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधल्या अपात्र मालकांची ईयू नावं २०२१च्या सुरुवातीला बंद झाली आणि २०२२मध्ये रद्द. भरपाई शून्य. नियम त्या त्या रजिस्ट्रीचे, म्हणजे ते एक्स्टेंशन चालवणाऱ्या संस्थेचे. भाववाढ असो वा जप्ती, आयकॅनकडे (जगभरच्या डोमेन व्यवस्थेचा समन्वय करणारी संस्था) दाद मागायची सोय जवळजवळ नाहीच. २०१०मध्ये लिबियाच्या रजिस्ट्रीने 'व्हीबी डॉट एलवाय' हे नाव मजकूर स्थानिक कायद्यात बसत नाही म्हणून काढून घेतलं. साइट चालवणारे अमेरिकेत होते, त्याने काही फरक पडला नाही.

नवा_भिडू
धन्यवाद! यूएस आणि ईयू कटाप. आयओचं काय? बंद होणार असं वाचलं.

कलम_पोटकलम
आयओ हा ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा, म्हणजे चागोस बेटांचा कोड. ती बेटं मॉरिशसला द्यायचं ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर झालं, तिथून ही चर्चा पेटली. करारावर सह्या मे २०२५मध्ये झाल्या. पण सहीने एक्स्टेंशन बंद होत नाही. आधी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या देश-कोडांच्या यादीतून 'आयओ' हा कोड निघावा लागतो. तसं झालं तरी आयकॅनच्या धोरणात एक्स्टेंशन बंद करायला पाच वर्षांची मुदत आहे, ती आणखी पाचने वाढू शकते. युगोस्लाव्हियाचं वाययू २०१०मध्ये बंद झालं. सोव्हिएत संघाचं एसयू देश गेल्यावरही कैक वर्षं चालू राहिलं. माझ्या मते आहे ते विकायला आयओ ठीक, पण दहा वर्षं धरून ठेवायला नवं घेऊ नये.

व्याजमुद्दल
ट्रेडमार्कचं राहिलं. एआय, को, टीव्हीला यूडीआरपी (डोमेन नावांवरचे ट्रेडमार्कचे वाद सोडवायची आयकॅनची पद्धत) लागू आहे. तिथे तक्रारदाराला नाव मार्कसारखं आहे, तुमचा हक्क नाही आणि नोंदणी व वापर *दोन्ही* वाईट हेतूने झाले, हे सगळं सिद्ध करावं लागतं. यूकेच्या पद्धतीत नोंदणी किंवा वापर, एकच पुरतो. त्यामुळे घेण्यापूर्वी ट्रेडमार्क शोध कराच. आणि कंपनीला स्वतःहून 'नाव घेता का' असा मेल धाडू नका, तोच पुरावा म्हणून पुढे येतो.

हस्तांतर_हौशी
विकताना हमखास अडतं ते हस्तांतर. प्रत्येक रजिस्ट्रीची तऱ्हा वेगळी. डीईचा ऑथ कोड (नाव दुसरीकडे हलवायला लागणारा गुप्त कोड) तीसच दिवस चालतो, म्हणून सौदा पक्का व्हायच्या आत काढून ठेवू नका. एआयच्या हस्तांतरात दोन वर्षांचं शुल्क नव्याने भरावं लागतं, ते कोण भरणार हे भावातच ठरवा. क्रम असा ठेवा: आधी एस्क्रोत (सौदा पुरा होईतो पैसे सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडे) पैसे, मग कोड, मग खरेदीदाराच्या खात्यात नाव दिसल्यावर पैसे मोकळे. खरेदीदाराचं खातं तुमच्याच रजिस्ट्रारकडे (ज्या कंपनीमार्फत नाव नोंदवलं तिच्याकडे) असेल तर बहुतेकदा आतल्या आत ढकलता येतं, कोडचीही गरज पडत नाही.

मुदत संपल्यावर डॉट कॉमसारखा वाढीव अवधी मिळेल असं गृहीत धरू नका. काही ठिकाणी तो फार थोडा असतो, आणि रजिस्ट्रार स्वतःची तारीख रजिस्ट्रीच्याही आधी लावतो. स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवा, कार्डाची मुदत तपासा.