जुन्या आयरिश रेल्वे छायाचित्रांतील गाड्या आणि ठिकाणे ओळखण्यासाठी मदत हवी आहे

डब्लिनवासी (प्रश्न)

नमस्कार. मी गेली नऊ वर्षे डब्लिनमध्ये राहते. आमच्या शेजारच्या आजींचे यजमान 'सीआयई'मध्ये, म्हणजे आयर्लंडच्या राष्ट्रीय वाहतूक कंपनीत, वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. ते गेल्यानंतर एका पत्र्याच्या डब्यात काही छायाचित्रे सापडली. नातवंडांसाठी त्यांचा अल्बम करावा आणि प्रत्येक छायाचित्राखाली ठिकाण व काळ नीट लिहावा, अशी आजींची इच्छा आहे. त्यांतली तीन मला काही केल्या उलगडत नाहीत.

पहिल्यात एक लहानसे इंजिन आहे. त्याच्या पाटीवर '५टी' असे लिहिले आहे, मागे कोळशाने भरलेल्या वाघिणी आहेत आणि पायरीवर तरुणपणीचे आजोबा उभे आहेत. 'टी' हे अक्षर ट्रॅली–डिंगल मार्गाचे, असे वाचल्यामुळे मी त्याखाली 'डिंगल, परगणा केरी' असे लिहून टाकले होते. परंतु आजींना ते पटत नाही. दुसरे एक छापील पोस्टकार्ड आहे. त्यात नदीवरचा उंच पूल असून डावीकडे दगडी कमानींची लांब रांग, मध्ये लोखंडी जाळीचे गाळे आणि उजवीकडे मोजक्याच कमानी दिसतात. कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने '१९३५' लिहिलेले आहे. तिसऱ्यात फिकट रंगाचे डिझेल इंजिन फलाटाला लागलेले आहे. पाटीचा अर्धा भाग माणसांच्या आड गेला आहे आणि उरलेल्या अक्षरांपैकी एकाच्या डोक्यावर टिंब आहे.

जुना सांधेवाला

ताई, मी मध्य रेल्वेतून निवृत्त झालो असून आयर्लंडच्या अरुंद मार्गांचा अभ्यास हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे. पहिल्या छायाचित्राविषयी सांगतो.

छायाचित्र हाती आले की प्रथम इंजिनाकडे न पाहता रुळांकडे पाहावे, असे माझे मत आहे. आयर्लंडचा मुख्य मार्ग ५ फूट ३ इंच, म्हणजे १६०० मिलिमीटर रुंदीचा आहे. आपल्या १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजची सवय असलेल्या डोळ्यांना तो फारसा वेगळा वाटत नाही. तिथले अरुंद मार्ग मात्र बहुतेक सगळे ३ फुटी होते. आपल्या माथेरानच्या गाडीची रुंदी ६१० मिलिमीटर, तर यांची ९१४; म्हणून या गाड्या खेळण्यासारख्या दिसत नाहीत आणि घाईत पाहणारा त्यांना मुख्य मार्गावरच्या समजून बसतो. इंजिनाचा देह रुळांच्या दोन्ही बाजूंना बराच बाहेर आलेला दिसला, की गेज अरुंद आहे असे समजावे.

आता '५टी'. स्वतंत्र आयर्लंडच्या हद्दीतल्या कंपन्या १९२५ पर्यंत एकत्र करून 'ग्रेट सदर्न रेल्वेज' स्थापन झाली आणि तिने अरुंद मार्गांच्या इंजिनांच्या क्रमांकापुढे मार्गाचे अक्षर जोडले. 'टी' म्हणजे ट्रॅली–डिंगल, 'सी' म्हणजे वेस्ट क्लेअर, 'एल' म्हणजे कॅव्हन–लीट्रिम. तुमचे वाचन इथपर्यंत बरोबर आहे. परंतु इथे हे अक्षर इंजिनाचे माहेर सांगते, छायाचित्र काढले त्या दिवसाचा मुक्काम सांगत नाही. डिंगलच्या मार्गावरची प्रवासी वाहतूक १९३९ मध्ये थांबली, १९४७ नंतर महिन्यातून एकदा गुरांच्या बाजारापुरती गाडी उरली आणि १९५३ मध्ये तीही बंद झाली. तिथली रिकामी झालेली इंजिने इतर मार्गांवर धाडली गेली, त्यांत हे ५टी कॅव्हन–लीट्रिम मार्गावर आले. डिंगलच्या अखेरच्या काळातली गाडी असती तर मागे गुरांच्या वाघिणी दिसायला हव्या होत्या. कोळसा दिसतो आहे, म्हणजे माझ्या मते हा अरिग्नाच्या खाणींचा कोळसा असावा. कॅव्हन–लीट्रिमचा मार्ग शेवटपर्यंत तगून राहिला तो मुख्यतः याच कोळशावर.

तरीही केवळ कोळशावरून निर्णय देणे मला योग्य वाटत नाही. हे छायाचित्र अधिक स्पष्टतेने स्कॅन करून इंजिनाच्या मागचा, सावलीतला भाग पाहाल का?

डब्लिनवासी

आपल्या सूचनेप्रमाणे पुन्हा स्कॅन केले. मागे दगडी शेड आहे आणि तिच्या दारात दुसऱ्या एका इंजिनाचे तोंड दिसते. त्याच्या क्रमांकाचा पहिला आकडा झाकलेला आहे, मात्र शेवटी 'एल' स्पष्ट आहे. त्याची मधली दोन चाके पहिल्या इंजिनाच्या चाकांपेक्षा बरीच मोठी आहेत आणि त्यांच्या पुढे-मागे एकेक लहान चाक आहे. रूळ सगळे एकाच रुंदीचे दिसतात.

जुना सांधेवाला

या चाकांनी काम सोपे केले. एका बाजूने पाहताना एक लहान, दोन मोठी, एक लहान, म्हणजे २-४-२ ही मांडणी. कॉर्क शहराजवळच्या ब्लॅकरॉक–पॅसेज मार्गासाठी १८९९ मध्ये अशी चार इंजिने बांधली होती आणि त्यांची मोठी चाके साडेचार फूट व्यासाची होती. तो मार्ग १९३२ मध्ये बंद पडल्यावर चारही इंजिने लीट्रिमला आली आणि त्यांना १०एल ते १३एल हे क्रमांक मिळाले. म्हणजे एकाच शेडसमोर एक इंजिन केरीचे आणि एक कॉर्कचे. दोघांनाही आपला मार्ग मिटल्यावर इथे आसरा मिळाला होता.

राहिला स्थानकाचा प्रश्न. या मार्गाच्या ड्रोमोड आणि बेल्टर्बेट या दोन्ही टोकांना शेजारीच ५ फूट ३ इंचांचे रूळ होते. तुमच्या छायाचित्रात रुंद रूळ नाहीत, मोठी शेड आहे आणि अरिग्नाचा कोळसा आहे. मार्गाची कार्यशाळा बॅलिनमोरला होती आणि अरिग्नाचा फाटाही तिथूनच निघत असे. म्हणून 'बॅलिनमोर, परगणा लीट्रिम. एप्रिल १९५९ पूर्वी' असे लिहावे. मैलाला पंचवीस इंच या मापाच्या जुन्या सर्वेक्षण नकाशावर शेडची जागा ताडून पाहावी, एवढेच बाकी आहे. हा मार्ग ३१ मार्च १९५९ रोजी बंद झाला. ५टी त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका संग्रहालयाकडे गेले आणि १९८६ मध्ये ट्रॅलीला परत आले, हे आजींना अवश्य सांगा. आजोबांनी ज्याच्या भट्टीत कोळसा लोटला ते इंजिन आजही जपलेले आहे.

काचपट्टी

पोस्टकार्डावरचा पूल द्रोहडा येथील बॉईन नदीवरचा आहे, याविषयी मला शंका नाही. दक्षिणेकडे १२ आणि उत्तरेकडे ३ दगडी कमानी व मध्ये लोखंडाचे तीन गाळे अशी त्याची रचना आहे. लांब रांग डावीकडे दिसते, म्हणजे डावीकडे दक्षिण. म्हणजेच छायाचित्रकार पूर्वेला, समुद्राच्या बाजूला उभा राहून पश्चिमेकडे पाहत होता. मात्र त्याआधी छायाचित्र उलटे छापलेले नाही ना, याची खात्री करावी. काचेच्या पट्टीची, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्हची, बाजू चुकली की उत्तर-दक्षिण फिरते. चित्रात दुकानाची पाटी किंवा गलबतावरचे नाव असेल तर ते सुलटे वाचता येते का, हे भिंग घेऊन पाहा.

काळाविषयी मात्र पेन्सिलीवर विश्वास ठेवू नका. हा पूल १८५५ मध्ये पुरा झाला तेव्हा त्याच्या गाळ्यांना घट्ट विणीची लोखंडी जाळी होती. १९३० ते १९३२ या काळात तिच्या जागी नवे पोलादी गर्डर बसवले गेले आणि त्यांची ठेवण मोठमोठ्या मोकळ्या त्रिकोणांची आहे. तुमच्या कार्डावर विणलेल्या टोपलीसारखी बारीक जाळी दिसत असेल, तर ते दृश्य १९३० च्या आधीचे आहे आणि १९३५ हे कार्ड कोणाला तरी मिळाल्याचे वर्ष असावे. पाठीवर मजकूर आणि पत्ता यांसाठी दोन भाग पाडलेले असतील, तर कार्डाची छपाई १९०२ नंतरची ठरते. दृश्य त्याहूनही जुने असू शकते, कारण डब्लिनच्या लॉरेन्स स्टुडिओसारखे प्रकाशक एकच काचपट्टी वर्षानुवर्षे वापरत. १९१६ च्या ईस्टर उठावात त्या स्टुडिओचे दुकान जळाले आणि व्यक्तिचित्रे गेली, पण गावांच्या दृश्यांच्या पट्ट्या दुसरीकडे ठेवलेल्या असल्याने वाचल्या. आज त्या आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. तिथेच जेम्स ओडे यांचा १९३७ ते १९६६ या काळातील रेल्वे छायाचित्रांचा संग्रहही आहे. आजोबांच्या काळासाठी तो आधी पाहावा.

शॅननकाठ

तिसऱ्या छायाचित्रातल्या टिंबाविषयी लिहिते. आपल्याकडे टिंब म्हणजे अनुस्वार. जुन्या आयरिश वळणाच्या लिपीत व्यंजनावरचे टिंब म्हणजे रोमन लिपीतला 'एच'. त्यामुळे आजच्या नकाशात ते नाव शोधताना टिंबाच्या जागी 'एच' घालून शोधावे लागते. कृपया दिसणारी अक्षरे क्रमाने कळवा.

डब्लिनवासी

टिंब असलेला 'टी', मग थोडी जागा, मग 'एल', 'यू', 'ए', 'आय'. पुढचे एका बाईंच्या टोपीआड गेले आहे.

शॅननकाठ

तर ते 'आह लूइन', म्हणजे अॅथलोन. या गावी दोन कंपन्यांची दोन स्थानके होती, शॅनन नदीच्या दोन तीरांवर एकेक. आज गाड्या थांबतात ते पूर्व तीरावरचे. १९८५ पर्यंत डब्लिन–गॉलवे गाड्या पश्चिम तीरावरच्या जुन्या दगडी स्थानकात थांबत. त्यामुळे सध्याच्या स्थानकाशी तुलना केलीत तर काहीच जुळणार नाही आणि ओळख चुकली असे उगाच वाटेल. इंजिन 'ए' वर्गातले असावे. १९५५ पासून आलेली ही ६० इंजिने सुरुवातीला चंदेरी रंगाची होती, पुढे हिरवी आणि मग काळी झाली. कृष्णधवल चित्रात एवढा फिकट दिसणारा रंग चंदेरीच असणार, म्हणून १९५५ नंतरची पहिली काही वर्षे असा काळ लिहायला हरकत नाही.

डब्लिनवासी

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. पोस्टकार्डावर जाळी बारीक आहे, पाठ दुभागलेली आहे आणि धक्क्यावरच्या दुकानाची पाटी सुलटी वाचता येते. काल संध्याकाळी आजींकडे जाऊन 'बॅलिनमोर' हे नाव उच्चारले, तेव्हा त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या की लग्नाआधीच्या हिवाळ्यात आजोबांची पत्रे तिथूनच येत असत आणि पाकिटांना कोळशाचे बोट लागलेले असे. ती पत्रे त्यांनी कपाटातून काढून दिली आहेत. पहिल्या पत्रावर १९५८ च्या नोव्हेंबरचा शिक्का आहे. डिंगलची ओळ मी खोडली असून छायाचित्राखाली आता बॅलिनमोर लिहिले आहे.