मदत हवी आहे: वरणफळांतल्या प्रोटीनचा हिशोब

सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांना वरणफळं (माझ्या माहेरी चकोल्या म्हणतात) जीव की प्राण! डॉक्टरांनी प्रोटीन वाढवा, पिष्टमय कमी करा असं सांगितलंय. बाबांचं म्हणणं, "डाळच तर आहे, मग प्रोटीनच की!"

म्हणून काल वजनकाटा घेऊन बसले. चौघांसाठी तूरडाळ १५० ग्रॅम, कणीक २०० ग्रॅम, फोडणीला आणि मोहनाला मिळून ३० ग्रॅम तेल. कच्च्या तूरडाळीत १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन, कणकेत ११ धरलं. म्हणजे माणशी जेमतेम १४ ग्रॅम. कॅलरी ३६० च्या आसपास, वरचं तूप वेगळं, आणि ते आमच्याकडे चमच्याने नाही, धारेने पडतं. पिष्टमय मात्र माणशी ५० ग्रॅमच्या वर जातंय. गव्हात लायसिन (प्रोटीनमधला एक आवश्यक घटक) कमी, डाळीत भरपूर, त्यामुळे जोडी चांगली हे मान्य. पण प्रमाण कणकेकडे झुकलंय.

डाळ २०० आणि कणीक १२० करून पाहिली, तर आमटीत फळं शोधावी लागली. बाबा काही बोलले नाहीत, पण चेहरा पडला.

कणकेत बेसन किंवा सोयाचं पीठ किती मिसळलं तर फळं शिजताना फुटत नाहीत? शेंगदाणे, शेवग्याचा पाला घालून कुणी केलीत का? आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून पाहिलेल्यांनी आकडे सांगितले तर फार बरं होईल. औषधांबद्दल डॉक्टरांनाच विचारणार आहे, इथे फक्त स्वयंपाकाचं सांगा.