कोचीत दोन दिवस: आई-बाबांना काय दाखवावं?

खारा_वारा: जानेवारीत आई-बाबांना केरळला नेतोय. ट्रॅव्हल कंपन्यांच्या सहलींत कोचीला फक्त रात्रीचा मुक्काम, सकाळी थेट मुन्नार. आम्ही स्वतःच आखतोय, कोचीला दोन दिवस देता येतील. दोघांनाही इतिहासाची आवड, बाबांचे गुडघे दुखतात, आई शाकाहारी. राहायचं कुठे, काय पाहायचं?

वेलदोडा: दोन दिवस द्याच. एर्नाकुलमला (कोचीचा मुख्य भूमीवरचा नवा भाग) नको, जुन्या फोर्ट कोचीला राहा. जुन्या घरांत होमस्टे आहेत, तळमजल्याची खोली आधीच मागून घ्या.

वार मात्र नीट जुळवा. फोर्ट कोचीशेजारच्या मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, ज्यूंचं ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद. दोन्ही अगदी जवळजवळ आहेत, त्यामुळे बाबांना फार चालावं लागणार नाही. राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला. पुढे डचांनी त्याची दुरुस्ती केली, म्हणून लोक त्याला डच पॅलेस म्हणतात. आत भिंतीवर रामायण रंगवलंय, तिथे भरपूर वेळ ठेवा. सिनेगॉग १५६८चं. त्याच्या जमिनीवरच्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा हातानं रंगवलेल्या आहेत.

सेंट फ्रान्सिस चर्चला अर्धा तास पुरे. वास्को द गामाला १५२४ साली तिथे पुरलं होतं, नंतर अवशेष लिस्बनला नेले. मासेमारीची चिनी जाळी तिथून जवळच, संध्याकाळी जा.

सोलकढी: वेलदोडा यांच्याशी सहमत, पण चेरलाई राहिलं! पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्याहून निघालेली गौड सारस्वत घराणी मट्टनचेरीच्या या भागात वसली. घरात अजून कोकणी बोलतात. आपल्या माणसांनी तिथे जाऊ नये, हे मला पटतच नाही. त्यांचं तिरुमल देवस्वम मोठं देऊळ आहे. केरळातल्या बहुतेक देवळांत पुरुषांना शर्ट काढावा लागतो, बाबांना आधीच सांगून ठेवा. आईंच्या जेवणाची काळजी नको, गुजराती रोडवर शाकाहारी मिळतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुजराती व्यापारी राहतात, जैन मंदिरही आहे.

खारा_वारा: खूप आभार दोघांचे! चेरलाईबद्दल काहीच माहीत नव्हतं, आईला आत्ताच सांगितलं. एर्नाकुलम स्टेशनवरून फोर्ट कोचीला टॅक्सीच करू ना?

वेलदोडा: सामान असेल तर टॅक्सीच. पण एकदा हायकोर्ट धक्क्यावरून वॉटर मेट्रोनं, म्हणजे बोटीनं जा. धक्का तरंगता असल्यानं तो आणि बोट एका पातळीत असतात, बाबांना चढ-उतार सोपी जाईल.